दरवाज्याचा आठवडा

कामिनोसावा, यामागाता, जपान
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पुढे 'विनंती विशेष' लिहिणार होते, पण विनंती करायची तर समोरचा माणूस ऐकणारा हवा. तुम्ही चार वर्षं माझा फोन उचललेला नाही. शेजारचे उदयभाऊजी सांगतात, माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उशीखाली सारता आणि पेपर उघडता. पत्रही उशीखाली सारता येईल म्हणा, पण ते आपलं आपण बंद पडत नाही. कधीतरी काढून वाचाल.

तर आधी मुद्द्याचं. आम्ही येतोय. मार्चमध्ये अपूर्वाची इथली शाळा संपते, एप्रिलपासून ती कराडला, तुमच्याकडे. अद्वय गेला तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "तिकडे आता तुझं कोण आहे?" आणि मी म्हणाले होते, "माझी नोकरी आहे, लेकीची शाळा आहे, मी कुणाच्या आधाराने राहत नाही." फार ठसक्यात म्हणाले होते. तुमचा मुलगा जाऊन तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते, विमानं बंद होती, तुम्हाला त्याचं तोंडही बघता आलं नाही, आणि मी ठसक्यात बोलत होते. असो. तुमचं म्हणणं खरं झालं. कारण विचाराल तर एकच. मी दमले.

तुम्हाला इथलं दमणं कसं सांगू? सकाळी उठले की दारातला बर्फ उपसायचा, मग म्हाताऱ्यांच्या डे-केअरमध्ये जाऊन बारा जणांचं जेवण, अंघोळी, औषधं, आणि परत आले की सकाळी उपसला तेवढाच बर्फ पुन्हा दारात हजर. यंदा तर खिडक्या बुडाल्यात. दिवसासुद्धा घरात दिवा लागतो. अद्वय बर्फाचा अभ्यास करायला म्हणून आम्हाला घेऊन आला, अभ्यास राहिला त्याच्या संस्थेत आणि बर्फ आला माझ्या वाटणीला.

अपूर्वाला विचारलं, कराडला जाऊया का? म्हणाली, "बेत्सु नि." म्हणजे 'विशेष काही नाही.' पंधराव्या वर्षी त्यात हो, नाही आणि मला विचारतेस तरी कशाला, हे सगळं बसतं. इथल्या हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास मात्र तिने थांबवलेला नाही.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल, पाटबंधारे खात्यातल्या माणसाला आवडावी अशीच आहे. इथे रस्त्याच्या कडेने जाळीखाली पाट वाहतो. वर नदीवर एक लोखंडी दरवाजा आहे, तिथून पाणी गावात घेतात, आणि लोक जाळी उचलून आपापल्या दारातला बर्फ त्या पाण्यात लोटतात. पाणी तो खाली नदीत नेऊन टाकतं. सगळ्यांनी एकदम लोटला तर पाट तुंबेल, म्हणून वेळा ठरलेल्या. सकाळी वरची गल्ली, दुपारी मधली, शेवटी खालची. आमचं घर खालच्या गल्लीत, शेजारी ओकुदा आजी. सुनामीत किनाऱ्यावरचं घर गेलं म्हणून ऐंशीच्या घरातली ही बाई डोंगरात येऊन राहिली, समुद्र दिसू नये म्हणून. लोण्याचा गोळा उचलावा तसा बर्फ उचलते, एवढा एवढा, पण कुणाला हात लावू देत नाही.

त्या दरवाज्याची राखण प्रत्येक घराकडे एकेक आठवडा असते. तिला 'तोबान' म्हणतात. अद्वय गेला त्या हिवाळ्यात वाटलं होतं, आता आपल्याला वगळतील. तर मोहल्ल्याचे अध्यक्ष ताकेदा-सान यांनी त्याच्या नावाच्या जागी माझं नाव लिहून तक्ता चिकटवला. त्याची बायको म्हणून नाही, सुप्रभा म्हणून. बाबा, त्या दिवशी पाटाशी उभी राहून मी रडले होते. यंदा माझा आठवडा फेब्रुवारीच्या मध्यात आहे. तो शेवटचा. मग तुमचं कराड.

सौ. लिहायची सवय अजून हाताला आहे, खोडते.

सुप्रभा

१६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

उदयभाऊजींनी तुम्हाला सांगितलं असेलच, पण त्यांना मी अर्धंच सांगितलंय. इथे पूर आला. फेब्रुवारीत, बर्फात. दक्षिणेचा गरम वारा सुटला, त्यात जोराचा पाऊस, आणि महिनाभर साठलेला बर्फ एका दुपारी वितळायला लागला. अद्वय म्हणायचा, बर्फ पाऊस पितो, पितो, आणि पोट भरलं की सगळं एकदम ओकतो. तसंच झालं.

आम्ही दोघी ठीक आहोत. घरात गुडघाभर पाणी होतं, आता चिखल आहे. ताताम्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया, फुगल्या, धुण्याचं यंत्र गेलं. खालच्या गल्लीत सगळ्यांकडे हेच. अपूर्वाची पुस्तकं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. ती रोज चिखल काढते आणि रोज अभ्यासाला बसते. मी नुसती चिखल काढते.

तिकिटं बघून ठेवली आहेत. काळजी करू नका, म्हणजे करत असलात तर.

सुप्रभा

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

मागच्या पत्रात मी पुराला असं लिहिलं जसं काही तो आपणहून चालत आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दरवाज्याचा आठवडा माझा होता. हे तुम्हालाच सांगते आहे, कारण दरवाजा म्हणजे काय हे माझ्या ओळखीत फक्त तुम्हाला कळतं. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणेल, "पाऊस पडला त्यात तुझा काय दोष?" मला ते नको आहे.

नियम असा. नदीकाठच्या भिंतीवर लाल खूण आहे. पाणी खुणेला टेकलं की चाक फिरवून दरवाजा पाडायचा, म्हणजे नदी गावात शिरत नाही, आणि पाटावर लाल फळी लावायची, म्हणजे त्या दिवशी कुणी बर्फ लोटायचा नाही. पाऊस रात्री येणार होता. मी सुट्टी घेतली होती. सकाळी वरच्या गल्लीने बर्फ लोटला, दुपारी मधलीने. तोवर सगळं ठीक. मग वारा फिरला. मी दरवाज्याशी उभी होते, आणि अचानक गळ्यातला मफलर नकोसा झाला. फेब्रुवारीत! रात्रीचा पाऊस दुपारीच सुरू झाला आणि छपरांवरून बर्फाच्या लाद्या धाडधाड कोसळायला लागल्या.

खूण अजून वीतभर वर होती.

मला पाडावासा वाटला होता, बाबा. हात चाकावर होता. पण खालच्या गल्लीची वेळ तेव्हाच सुरू होत होती, आणि खालच्या गल्लीत सगळी म्हातारी माणसं. सकाळपासून आपल्या वेळेची वाट बघत फावडी घेऊन दारात उभी. ओकुदा आजींच्या दारापुढे छपरावरची लादी पडून दार अर्धं बंद झालं होतं. मी दरवाजा पाडला असता तर पाटाला पाणी नाही, आणि पाणी नाही तर तो बर्फ तिथेच. वरच्यांचं झालं, मधल्यांचं झालं, आणि नेमकं या बिचाऱ्यांच्या वेळेला लाल फळी? मला ते फार उद्धट वाटलं. ताकेदा-सानना फोन केला. ते म्हणाले, "सुप्रभा-सान, तोबान तुम्ही आहात. तुम्ही ठरवाल ते." इथली माणसं असंच म्हणतात, आणि त्यांच्या आवाजावरून आपण ओळखायचं असतं. तेरा वर्षं राहून मला ते अजून ओळखता येत नाही. मी म्हणाले, खालच्या गल्लीचं होऊ द्यावं का? ते म्हणाले, "सो देसु ने." म्हणजे 'तसं आहे खरं.' मी हो समजले.

म्हणून थांबले. खालच्या गल्लीने बर्फ लोटला. ओला, पावसाने जड झालेला बर्फ. तो वाहिला नाही. शेवटच्या घरापुढच्या छोट्या पुलाखाली जाऊन बसला. आणि इकडे खुणेपर्यंत उरलेली वीत तुम्हाला सांगते इतक्या लवकर भरली, की मी चाकाला हात घालेपर्यंत खूण पाण्याखाली गेली होती. चाक फिरवलं. दरवाजा अर्ध्यात अडकला. लाकूड होतं की बर्फ, देव जाणे. मधल्या गल्लीतले दोघं धावून आले, तिघं मिळून लोंबकळलो, शेवटी पडला. तोवर पाणी खाली पोचलं होतं.

ओकुदा आजी दाराच्या आतच अडकल्या होत्या. दार उघडत नव्हतं, पाणी आत चढत होतं, आणि ती बाई ओरडलीसुद्धा नाही. अपूर्वाने त्यांच्या मागच्या खिडकीची काच फोडली आणि पाठीवर घेऊन वर चढली. मी नंतर पोचले. आजी तिच्या मानेला मिठी मारून एकच शब्द म्हणत होत्या, "पुन्हा, पुन्हा."

त्यांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात आहेत. बऱ्या होतील म्हणतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर दरवाजे उघडलेत आणि पाडलेत. तुम्ही काय केलं असतंत?

सुप्रभा

३ मार्च

तीर्थरूप बाबा,

तुमचं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे. तुम्हाला लिहायची सवय लागली बहुतेक. उशीला सांगितल्यासारखं.

काल मोहल्ल्याची सभा झाली. मी रात्रभर जपानीत वाक्यं घोकली होती. चूक माझी, मी उशीर केला, असं उभं राहून सांगायचं ठरवलं होतं. मी उभी राहिले, वाकले, आणि पहिलं वाक्य संपायच्या आत ताकेदा-सान माझ्यासमोर वाकले. चूक त्यांची, म्हणाले, त्यांनी स्पष्ट सांगायला हवं होतं. मग मधल्या गल्लीतल्या बाई वाकल्या. त्यांच्याकडून दुपारी थोडा जास्त बर्फ लोटला गेला होता. मग खालच्या गल्लीतले म्हातारे एकेक करून वाकले. आमची फावडी हळू चालली, आम्ही वेळ खाल्ला. सगळी खोली वाकत होती! ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते माझी माफी मागत होते. मराठीत ह्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण बुक्कीसुद्धा कुणी मारली नाही हो. एकाने तरी मारायची.

मग चहा आला. आणि पुढच्या हिवाळ्याचा तोबानचा तक्ता सगळ्यांना वाटला. मी माझं नाव शोधत होते. आम्ही जाणार आहोत, तरी शोधत होते. नव्हतं. ओकुदा आजींच्या घरानंतर थेट कोपऱ्यावरचं घर. आमचं घर मधून गायब. ताकेदा-सान माझ्याजवळ आले आणि फार प्रेमाने म्हणाले, "सुप्रभा-सान, तुम्ही खूप दमलात. आता दरवाज्याची काळजी तुम्ही करू नका." त्यांना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. आम्ही जाणार हे त्यांना माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

घरी येऊन अपूर्वाला तक्ता दाखवला. तिने वाचला, आणि चक्क मराठीत बोलली. "मग बरंच झालं ना, आई? तुला जायचंच होतं." मी म्हणाले, हो, बरंच झालं. तर म्हणाली, "आता गेलो तर सगळ्यांना वाटेल पळालो." मी म्हणाले, कुणाला काही वाटणार नाही, ही माणसं चांगली आहेत. ती म्हणाली, "वाटेल. बोलणार नाहीत फक्त." आणि जिना चढून अभ्यासाला गेली. परीक्षा या आठवड्यात आहे. जाणार आहोत हे माहीत असून देते आहे, आणि मी डबा करून देणार आहे. आमच्या घरात सध्या असाच कारभार आहे.

आज सकाळी ओकुदा आजी इस्पितळातून सेंदाई शहरात गेल्या, मुलीकडे. जाताना गाडी दारात थांबवली. काच खाली केली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला." मी म्हणाले, परत या. त्या हसल्या. घराला आता कुलूप आहे आणि छपरावर अजून बर्फ आहे, तो कोण काढणार कुणास ठाऊक.

बाबा, मी जाम दमले आहे. जानेवारीत दमले होते ते अंगाने. आता कशाने ते सांगता येत नाही. मला सरळ सांगा, तुमच्या खात्यात असं कुणाच्या हातून झालं की तो काय करायचा? निघून यायचा की राहायचा? येते म्हणून मी तुम्हाला शब्द दिला आहे आणि तो मोडायचा नाही मला. तिकिटं एकतीस तारखेची आहेत. पैसे भरायचे बाकी आहेत. एका बाजूला तुम्ही एकटे, दुसऱ्या बाजूला इथली ही प्रेमळ माणसं, जी मला पुन्हा कधी चाकाला हात लावू देणार नाहीत. निघून जाणं इतकं सोपं झालंय की मला त्याचीच भीती वाटते.

सुप्रभा

कराड
१३ मार्च २०२५

चि. सुप्रभा हीस,

अनेक आशीर्वाद. तुझी चारही पत्रे मिळाली. पहिले मिळाल्यावर उत्तर लिहायला घेतले होते, ते पुरे झाले नाही. हे उदयकरवी कुरियरने पाठवतो आहे, म्हणजे तिकिटाच्या आधी पोचेल. हे फोनवर मला बोलता आले नसते.

प्रथम दरवाज्याविषयी. तू चुकलीस. वारा फिरला आणि गळ्यातला मफलर नकोसा झाला, त्याच क्षणी दरवाजा पाडायला हवा होता. खूण ही धीम्या पाण्यासाठी असते. वरून पाऊस आणि खालून वितळ, अशा पाण्याला खुणेची वाट पाहायची नसते. खालच्या गल्लीचा बर्फ दारात राहिला असता तर लोक एक दिवस कुरकुरले असते. तुला ती कुरकुर नको होती. माणसांची मर्जी राखायला गेलीस आणि पाणी घरात घेतलेस. तुझ्या अध्यक्षांचेही चुकले, पण चाकावर हात तुझा होता. तिथे कोणी हे तुला तोंडावर सांगत नाही म्हणून तू झुरते आहेस. मी सांगितले. आता तो विषय संपला.

दुसरे. आमच्या खात्यात असे झाले की माणूस काय करतो, असे विचारलेस. बाळासाहेब जाधव तुला आठवत असतील, तुमच्या लग्नात पंगतीत आग्रह करत फिरत होते ते. त्यांच्या हातून एका कालव्याचा दरवाजा उशिरा पडला. तीन शेते वाहून गेली. माणूस गेला नाही. चौकशीत साहेबांनी सांभाळून घेतले, गावकऱ्यांनीही तक्रार केली नाही, कारण बाळासाहेब भला माणूस. त्यांनी मात्र कोणी काही म्हणण्याच्या आत बदली मागून घेतली. आम्ही सगळ्यांनी म्हटले, सुटला. पुढे तीस वर्षे ते एस.टी.ने त्या फाट्यावरून जाताना खिडकीकडे पाठ करून बसत. मी शेजारी बसलेलो असे. मी कधी काही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवे होते.

म्हणून तुला सांगतो. ताकेदा यांच्याकडे जा आणि नाव परत लिहून घे. ते हसतील, चहा देतील, तुम्ही दमलात म्हणतील. चहा घे आणि बसून राहा. कारणे देऊ नकोस. नाव लिहीपर्यंत उठू नकोस. पुढच्या हिवाळ्यात एक आठवडा नीट राखण कर. वारा फिरला की दरवाजा पाड, मग खालची गल्ली काय म्हणायची ते म्हणो. त्यानंतर यायचे असेल तर ताठ मानेने ये. आत्ता आलीस तर इथल्या खिडकीत तुला आयुष्यभर पाठ करून बसावे लागेल आणि ते मला रोज पाहावे लागेल.

शब्द दिला आहे असे लिहिलेस. त्या शब्दातून मी तुला मोकळी करतो.

अपूर्वाला सांग की तिने काच फोडली ते योग्य केले. तिच्या परीक्षेचा निकाल काय तो कळव. अद्वय हरला तरी परीक्षा अर्धी टाकून येत नसे, ते तिच्यात उतरले आहे. तो गेला तेव्हा मी तुला जे विचारले ते रागाने विचारले नव्हते. मला माझे कोणी उरले नाही असे वाटले होते, आणि ते मी तुझ्यावर ढकलले. तू तिकडे एकटीने त्याचे सगळे केलेस. मी एवढेही म्हटले नाही की नीट केलेस. नीट केलेस.

पहिले पत्र आले त्या आठवड्यात मी वरची खोली रंगवून घेतली. मुलीसाठी टेबल आणले, दिवा आणला. उदयच्या बायकोने पडदे शिवले. दीड महिना मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसतो. हे तुला सांगणार नव्हतो, पण तू सगळे लिहिलेस म्हणून लिहितो.

मला एकट्याने राहायची सवय झाली आहे म्हणून असे लिहितो, असा समज करून घेऊ नकोस. सवय झालेली नाही. तरी यंदा येऊ नकोस.

बाबा